बरकत, दोन, तीन

गुन्हा नाकारणाऱ्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, हे आपण रोज पाहतो. माझ्या बाबतीत उलटं झालं. मी गुन्हा केला, केल्याबरोबर सांगितला, पुन्हापुन्हा सांगितला, आणि अख्ख्या गल्लीत एकाही माणसाने तो मानला नाही. आता केस पांढरे झाले, निवृत्तीही झाली. बदलापूरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून खाली पोरं चेंडू उडवताना दिसली की मला अजूनही वाटतं, जाऊन एकेकाला सांगावं, अरे, तो मीच फेकला होता.

आम्ही तेव्हा उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहायचो. लांबच लांब बराक, तिचे तुकडे पाडून केलेल्या खोल्या, आणि खोल्यांमधल्या भिंती इतक्या पातळ की शेजारच्यांनी कांदा चिरला तरी आमच्या डोळ्यांत पाणी यायचं. दिवसभर शिलाई मशिनींचा आवाज असायचा. घरोघरी मोटारी लावलेल्या मशिनी, त्या एकदम सुरू व्हायच्या आणि वीज गेली की एकदम गप्प व्हायच्या. मग लोक बाहेर येऊन एकमेकांना विचारायचे, ‘तुमची पण गेली का?’ आमच्या घरी पहाट व्हायची ती हापशीने. गल्लीच्या टोकाला हातपंप होता, आणि आमच्या घरचं पाणी भरायचं काम माझ्याकडे होतं. धाकटा भाऊ मिलिंद ‘अभ्यासाला’ उठायचा, म्हणजे पुस्तक उघडून त्यावर डोकं ठेवायचा. तो काडीपैलवान होता. आई त्याच्या ताटात सुकटीचा जास्तीचा चमचा टाकायची आणि म्हणायची, ‘पोराच्या अंगाला काही लागंना.’ मला सगळंच लागायचं, त्यामुळे माझी काळजी कोणी केली नाही.

आमच्या बराकीसमोर किशनचंद चाचांची इमारत होती. तळमजला आणि वर दोन मजले. तेवढ्यावर ती गल्लीतली सर्वांत उंच वास्तू ठरली होती आणि लोक पत्ता सांगताना ‘बिल्डिंगच्या समोर’ एवढंच म्हणायचे. खाली चाचांचं कापडाचं दुकान होतं. मांजरपाट, लट्ठा, परकराचं कापड. चाचा दिवसभर लोखंडी गजाने कापड मोजायचे आणि मोठ्याने आकडे म्हणायचे. पण त्यांच्या आकड्यांत ‘एक’ नव्हता. पहिला मीटर मोजला की ते म्हणायचे ‘बरकत’, मग ‘दो’, मग ‘तीन’. एक म्हणजे एकटा, एक म्हणजे तुटपुंजा. धंद्याची सुरुवात अशा आकड्याने करू नये, अशी ती रीत. आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही, कारण आईही तांदूळ मापताना पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायची. तिच्या माहेरी, नगरकडे, खळ्यावर तसंच म्हणत. म्हणजे समोरच्या घरात बरकत आणि आमच्या घरात लाभ. दोन्हीकडे एकाची कोणाला गरज पडत नव्हती. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्यावरच येऊन ठेपणार आहे.

वर गच्चीवर चाचांच्या बायकोचं राज्य होतं. त्यांना सगळी गल्ली अम्मा म्हणायची. त्यांच्याकडे कोणीही गेलं की आधी भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास समोर यायचा, मग ‘कैसे आना हुआ’ हा प्रश्न. उन्हाळ्यात त्यांची गच्ची म्हणजे दुसरं दुकानच. एकीकडे पापड, एकीकडे वड्या, आणि कठड्यावर उन्हात ठेवलेल्या लोणच्याच्या बरण्या, तोंडाला फडकी बांधलेल्या.

मी नुकतीच नववी दिली होती. पोरं मला क्रिकेटमध्ये घेत नसत. ‘तू बॉल आणून दे’ एवढंच काम. मग मी माझाच एक खेळ काढला होता. मिलिंदचा लाल रबरी चेंडू घ्यायचा, सरळ वर फेकायचा आणि झेलायचा. दर वेळी आधीपेक्षा थोडा उंच. त्यात प्रतिस्पर्धी नाही, भांडण नाही, आउट नाही. त्या दुपारी आई आत सुकट भाजत होती, तिचा वास गल्लीभर पसरला होता, आणि माझा हात असा काही लागला होता की प्रत्येक फेकीला वाटायचं, अजून जाईल. शेवटची फेक गेली ती वर वर जातच राहिली. मी ओंजळ करून उभी. चेंडू काही खाली आला नाही. त्याच्याऐवजी लोणचं खाली आलं.

बरणी माझ्यापासून हातभर अंतरावर फुटली. कैरीच्या फोडी, तेल, मेथ्या, सगळं गल्लीत. वरून अम्मांची किंकाळी आणि मग माणसांची गर्दी. मी तिथेच उभी होते. पळाले नाही, कारण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला अभिमानच जास्त वाटत होता. गच्चीपर्यंत! मी म्हटलं, ‘अम्मा, मी फेकला. माझा बॉल आहे.’

अम्मा धापा टाकत खाली आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर गच्चीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘तू? जा बेटी, भाई को बुला.’

मिलिंद त्या वेळी नाल्यापलीकडच्या मैदानात होता. त्याला शोधून, कॉलर धरून आणण्यात आलं. तो बिचारा आईशपथ, विद्येशपथ, जेवढ्या शपथा माहीत होत्या तेवढ्या घेत होता. आईने त्याला दोन ठेवून दिल्या. मी मध्ये पडून ओरडत होते, ‘अगं, मी फेकला! मी!’ तेव्हा आईचे डोळे भरून आले. ती अम्मांना म्हणाली, ‘बघा, भावाला वाचवतीय पोर. किती माया लावते त्याला.’ अम्मांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण मी शाळेत शिकले होते. पण इथे चोराला शाबासकीही मिळत होती. संध्याकाळी अम्मांनी माझ्यासाठी कांदा घातलेली गरम कोकी, म्हणजे त्यांची जाड सिंधी पोळी, पाठवली, ‘ऐसी बहन सबको मिले’ या निरोपासह. मी ती खाल्ली. कोकीचा काही दोष नव्हता.

इथपर्यंत ठीक होतं. दोन दिवसांत मिलिंदवरचा राग ओसरला असता, माझाही ओसरला असता. पण तिसऱ्या दिवशी बंड्या आला. बंड्या म्हणजे आमच्या भागातल्या क्रिकेट टीमचा कॅप्टन; त्याला मिसरूड फुटलं होतं, त्यामुळे त्याचा शब्द शेवटचा. त्याने मिलिंदला बाहेर बोलावलं आणि खांद्यावर हात टाकला.

‘ए मिल्या, बिल्डिंगच्या टेरेसवर मारलास म्हणे? हात हाय का तोफ?’

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी दारात भांडी घासत होते. मग त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

‘गेला तसा,’ तो म्हणाला.

‘आपल्याला बाउंड्रीवर थ्रोवाला पोरगा पाहिजे. टुर्नामेंटला येशील का? सही चान्स आहे.’

त्या दिवसापासून मिलिंदची स्मृती परत आली. आधी ‘फेकला असेल, आठवत नाय’ असं होतं. मग ‘फेकला, पण मुद्दाम नाय’. आठवडाभरात तो पोरांना चेंडू कसा पकडला होता, मनगट कसं फिरवलं, हेसुद्धा करून दाखवायला लागला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी त्याला हापशीजवळ गाठलं.

‘मिल्या, तू फेकलास?’

‘ताई, भंकस नको करू आता. मार मी खाल्लाय ना? मग थ्रो पण माझाच.’

मार त्याचा होता हे खरंच. पण फेक माझी होती. मला दुसरं काही नको होतं. टीममध्ये मला कोणी घेणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मला फक्त एवढंच हवं होतं की तो चेंडू माझ्या हातून गेला, हे एकदा कोणीतरी म्हणावं. एवढ्या साध्या मागणीसाठी मी पुढचे काही दिवस रडले, रुसले, जेवण सोडलं. आई म्हणाली, ‘लोणच्याचं तेल लागलंय हिच्या डोक्याला.’

शेवटी मी बाबांकडे गेले. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात कारकून होते. इंटर सायन्सला नापास झालेले. पण ते ‘इंटर सायन्सपर्यंत’ असं म्हणायचे, आणि त्या ‘पर्यंत’मध्ये त्यांची सारी विद्वत्ता साठलेली असायची. घरात भिंतीवर कोटातला, चष्म्यातला एकच फोटो होता, आणि त्याच्याखाली उभं राहून बाबा आम्हाला सांगायचे, कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही; मोठा सांगो, ग्रंथ सांगो, तपासून बघायचं. दर रविवारी विहारात वंदनेनंतर भंतेजीही तेच सांगायचे, या, पाहा, मग माना. मी बाबांना त्यांच्याच शब्दांत धरलं.

‘बाबा, तुम्ही तपासलं का, कोणी फेकला ते?’

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हा प्रश्न त्यांच्या वर्मी लागला होता. ‘नाही तपासलं,’ ते म्हणाले. ‘चुकलंच. या रविवारी प्रयोग करू.’

मला इतका आनंद झाला की मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. तपासायचं कोणाला, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

रविवारी सकाळी विहारातून आल्यावर गल्ली जमली. बाबांनी बराकीच्या भिंतीवर खडूने आकृती काढली. खाली माणूस, वर बाण. मग त्यांनी समजावून सांगितलं. सरळ वर फेकलेल्या चेंडूला वर जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच खाली यायला लागतो. म्हणून हातातून सुटल्यापासून परत हातात येईपर्यंतचा वेळ मोजायचा, त्याचा निम्मा करायचा, त्याचा वर्ग करायचा आणि चार पॉइंट नऊने गुणायचं. येईल तेवढे मीटर उंची. हवेचा विरोध नगण्य. हाताची उंची नगण्य. बाबांचा ‘नगण्य’ हा फार आवडता शब्द होता. पोरं आ वासून ऐकत होती. मीही ऐकत होते, आणि गंमत बघा, इतक्या रागातही मला ते सुंदर वाटलं. नुसत्या वेळेवरून उंची कळते! शिडी नको, दोरी नको. मी पुढे आयुष्यभर मुलांना जो विषय शिकवला, तो मला त्या भिंतीवर पहिल्यांदा आवडला.

इमारतीची उंचीही हवी होती. किशनचंद चाचांनी ती जबाबदारी घेतली. त्यांनी गच्चीच्या कठड्यावरून मांजरपाटाचा तागा सोडला, तो जमिनीला टेकला तिथे खूण केली, आणि ओट्यावर बसून गज लावत मोजायला सुरुवात केली. ‘बरकत, दो, तीन, चार…’ अकरा मीटर भरले. मग प्रश्न आला घड्याळाचा. बाबांच्या मनगटी घड्याळाचा सेकंदकाटा निखळून काचेखाली पडलेला होता. चाचांच्या घरी लंबकाचं भिंतघड्याळ होतं, पण ते हलवलं की बंद पडायचं. तेव्हा चाचाच म्हणाले, ‘साईं, मैं गिनूंगा ना. तीस साल से गिन रहा हूँ.’ बाबांनी आत जाऊन लंबकाच्या ठोक्याशी चाचांचा ताल जुळवून पाहिला. अगदी पक्का ताल होता. कापड मोजता मोजता त्यांच्या जिभेला सेकंदाची सवय लागली होती.

‘आणि परिस्थिती त्या दिवशीसारखी हवी,’ बाबा म्हणाले. त्यांच्या आग्रहावरून अम्मांनी कठड्यावर त्याच जागी एक बरणी ठेवली. रिकामी ठेवली, एवढा शहाणपणा त्यांनी दाखवला. आणि तिच्या राखणीला त्या स्वतः वर उभ्या राहिल्या.

बाबांनी चेंडू मिलिंदच्या हातात दिला. मी म्हटलं, ‘बाबा, मी?’ ते म्हणाले, ‘आरोपी तो आहे. आधी त्याचं बघू.’ चाचा खुर्चीवर बसले. बाबा खडू घेऊन भिंतीपाशी. बंड्या आणि त्याची अख्खी टीम हाताची घडी घालून. मिलिंदच्या कपाळावर घाम होता. त्याला काय सिद्ध करायचं होतं, हे त्यालाच कळत नसावं. चेंडू कमी गेला तर तो निर्दोष, पण टीमबाहेर. जास्त गेला तर दोषी, पण हिरो. निर्दोष व्हायची त्याला अजिबात इच्छा नव्हती. त्याने दात ओठ खाऊन चेंडू फेकला.

‘बरकत,’ चाचा म्हणाले, चेंडू सुटताच. ‘दो. तीन.’ आणि ‘तीन’ला चेंडू परत मिलिंदच्या हातात.

सगळ्यांचे डोळे चाचांच्या तोंडावर होते, मग बाबांच्या खडूवर गेले. तीनचे निम्मे दीड. दीडचा वर्ग सव्वादोन. गुणिले चार पॉइंट नऊ. बाबांनी शेवटचा आकडा लिहिला आणि खडू धरलेला हात तसाच भिंतीवर राहिला. अकरा पूर्णांक आणि वर थोडंसं. इमारत अकरा मीटर! गणित आणि मांजरपाट एकमेकांना मिळाले होते. बाबांचा चेहरा मी तसा पुन्हा फक्त मी पदवीला पहिल्या वर्गात आले तेव्हा पाहिला. ते सावकाश वळले आणि म्हणाले, ‘सिद्ध झालं.’ पोरांनी शिट्ट्या मारल्या. बंड्याने मिलिंदला उचललं. चाचांनी स्वतः घरात जाऊन सगळ्यांसाठी पापड भाजून आणले. आपल्या मुलाने बरणी फोडली, हे शास्त्रीय पद्धतीने शाबीत केल्याबद्दल लोक बाबांचे हात हातात घेत होते.

हातच्या कंकणाला आरसा कशाला, असं आपल्याकडे म्हणतात. चेंडू समोर, इमारत समोर, मान वर करायचा तेवढा अवकाश होता. पण एवढी मोठी गल्ली, फेकणारा सोडला तर त्यातल्या एकानेही वर पाहिलं नाही. मीही नाही. मीसुद्धा खडूकडेच बघत होते.

‘बाबा, आता मी फेकते,’ मी म्हटलं.

‘आता कशाला?’ बाबा हात झटकत होते. ‘एका बरणीला दोन आरोपी कशाला, बाळा? झालं ना सिद्ध.’

ते प्रेमानेच म्हणाले, आणि तेच मला लागलं. रागावले असते तर बरं झालं असतं. चेंडू ओट्यावर पडला होता. मी तो उचलला, गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिले, परकर खोचला आणि हापशीचा दांडा ओढावा तसा हात खालून ओढून चेंडू सोडला.

‘बरकत,’ चाचा सवयीने म्हणाले. तोवर त्यांच्या हातात पापड होता. ‘दो. तीन…’

वरून ‘अड़े!’ असा आवाज आला, काहीतरी धडपडलं, आणि रिकामी बरणी मागच्या बरणीच्या वाटेने खाली आली.

‘चार,’ चाचा म्हणाले. चेंडू माझ्या हातात होता.

पोरांच्या शिट्ट्या थांबल्या. शिलाई मशिनीसुद्धा त्या क्षणी थांबल्या होत्या असं मला आठवतं, पण रविवारी त्या बंदच असायच्या, तेव्हा ते आठवण्याला अर्थ नाही. मग अम्मा कठड्यावरून निम्म्या बाहेर वाकल्या.

‘खडा हो गया!’ त्या ओरडत होत्या. ‘बॉल मेरे मुँह के सामने आके खडा हो गया! मैं पकडने गयी तो कोहनी लगी बरनी को! किसने फेंका?’

‘ये लडकीने,’ चाचा म्हणाले.

‘हां तो यही है! उस दिन भी ऐसे ही आया होगा!’

बाबांनी भिंतीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. बघ्यांमध्ये त्या दिवशी वर पाहणारे ते पहिलेच. ‘और पहलेवाला, भाभी? लडके का? वो कहाँ तक आया था?’

‘कौनसा पहलेवाला?’ अम्मा म्हणाल्या. ‘मैं कब से खडी हूँ धूप में. पहलेवाला तो आया ही नहीं!’

बंड्याने मिलिंदच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. बाबांनी खडू उचलला आणि पहिल्या गणिताखाली दुसरं मांडलं. चारचे निम्मे दोन, दोनचा वर्ग चार, गुणिले चार पॉइंट नऊ. एकोणीस पॉइंट सहा. त्यांनी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. मग मागे सरून पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, ‘वीस मीटर. पोरीने.’

तेवढ्यात आई आली. दुसरी बरणी फुटलेली बघून तिने मागचापुढचा विचार न करता माझ्या गालावर एक सणसणीत ठेवून दिली. ‘घोडी झालीस! गल्लीत परकर खोचून बॉल उडवतेस!’ मला हसू आवरेना. आयुष्यात मला पुढे दोनतीन पुरस्कार मिळाले, शाली मिळाल्या, एकदा तर नारळ इतका मोठा होता की रिक्षात मांडीवर धरून आणावा लागला. पण त्या थप्पडेचा मान कशालाच आला नाही. ती माझी होती. ती मला मिलिंदसोबत वाटून घ्यावी लागली नाही.

मिलिंद टुर्नामेंटला गेला, कारण बंड्याने कार्डावर नाव देऊन टाकलं होतं. पहिल्याच सामन्यात बाउंड्रीवरून त्याने टाकलेला चेंडू तीन टप्पे घेऊन यष्टीरक्षकाकडे पोचला. त्याने खांदा दुखतोय असं सांगितलं, आणि तो खांदा आजतागायत दुखतो. अजून लग्नकार्यात भाचे-पुतणे जमले की तो सांगतो, चार नंबरला बिल्डिंगच्या गच्चीवर एकदा आम्ही बॉल मारला होता. ‘आम्ही’ म्हणतो. एवढी प्रगती झाली आहे.

गल्लीत मात्र वीस मीटर पक्के झाले. पुढे मी अंबरनाथला अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवायला लागले, आणि दर वर्षी सरळ वर फेकलेला चेंडू फळ्यावर यायचा. मी नेहमी चार सेकंदांचं उदाहरण द्यायची. उत्तर एकोणीस पॉइंट सहा, माझं लाडकं. एका वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, सर्वांत वर गेल्यावर बॉल खरंच थांबतो? कोणी बघितलंय का?’ मी म्हटलं, हो, आमच्या समोरच्या अम्मांनी बघितलंय. त्यांच्या तोंडासमोर येऊन उभा राहिला होता. आणि वाक्य पुरं होता होता माझा खडू थांबला. इमारत अकरा मीटर. अम्मांचं तोंड फार तर कठड्याच्या हातभर वर. तिथे जो चेंडू उभा राहिला, तो वीस मीटर कसा गेला असेल? वीस मीटरवाला तर त्यांच्या तोंडासमोरून सुसाट वर निघून गेला असता. अम्मा खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. सूत्रही खोटं नव्हतं. मग राहिले चाचा. मी वर्गात उभ्या उभ्या मनात मोजून पाहिलं, त्यांच्याच तालात. बरकत, दो, तीन, चार. आणि मला हसू आलं, इतकं की पोरांना वाटलं मॅडमना काही झालं.

कापड मोजताना पहिला मीटर पुरा झाला की बरकत म्हणतात. ते बरोबर. पण चेंडू हातातून सुटताना एकही सेकंद झालेला नसतो. तिथे चाचांनी बरकत म्हटलं होतं. त्यांचे चार म्हणजे तीन सेकंद. त्यांचे तीन म्हणजे दोन. माझे वीस मीटर एका फटक्यात अकरावर आले. अकरा आणि वर माझा उचललेला हात, म्हणजे बरोबर अम्मांच्या तोंडासमोर. आणि मिलिंदचे अकरा? त्याचे पाचसुद्धा भरत नव्हते. त्याचा चेंडू पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावरून माघारी फिरला होता, भर सकाळी, शंभर माणसांदेखत.

त्या संध्याकाळी मी बाबांकडे गेले. ते तेव्हा फार थकले होते, आराम-खुर्चीत बसून असत, पण आकडा म्हटला की डोळे लकाकत. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला गणित पुन्हा मांडलं. दोनचे निम्मे एक. एकचा वर्ग एक. चार पॉइंट नऊ.

‘म्हणजे सूत्र बरोबर होतं,’ ते म्हणाले. त्यांना आधी त्याचीच काळजी.

‘सूत्र बरोबरच होतं, बाबा.’

‘चाचांनी एकपासून मोजलं. शून्यापासून मोजायला हवं होतं.’ मग ते हसले. ‘आपण नीट मोजलं असतं ना, तर मिलिंद पहिल्या फेकीलाच सुटला असता. ती दुसरी बरणी फुटायची काही गरज नव्हती.’

‘होती, बाबा,’ मी म्हटलं. ‘मिलिंद सुटला असता. मग तुम्ही दुसरा पोरगा शोधला असता.’

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘हं,’ ते म्हणाले. मग त्यांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं. ‘तुझं मांड आता. नीट. शून्यापासून.’